सामान पुढे गेलं, आम्ही मागे राहिलो

आमची ती सहल नवऱ्याच्या डोक्यातून निघाली, पण हो मी म्हणाले होते, हे आधीच कबूल करते. नंतरच्या एकवीस दिवसांत मी ते बऱ्याचदा विसरले.

नवरा नाशिकच्या अंबड भागातल्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात होता. तीस वर्षं त्याने इतरांनी बनवलेले पार्ट व्हर्नियरने मोजले आणि चुकलेले बाजूला काढले. मग कंपनीने ती लाईन दुसऱ्या राज्यात हलवली आणि चोपन्नाव्या वर्षी तो घरी बसला. लिहिताना मी त्याला 'तो' म्हणते आहे, पण घरात आमचं अहो-जाहोच. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली तरी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. सकाळी मी डबा घेऊन निघायचे तेव्हा तो खिडकीजवळ मोबाईल धरून बसलेला असायचा आणि संध्याकाळी परतले तरी तिथेच. बघायचा काय, तर पाठीवर पिशव्या अडकवून देशोदेशी बसने हिंडणाऱ्या पोरापोरींचे व्हिडिओ.

"आपणही जाऊ," एके दिवशी तो म्हणाला. "दिवाळीच्या सुट्टीत. तू, मी आणि दोन बॅगा. टूरवाले नकोत, गाईड नको. बसने फिरायचं, स्वस्तात राहायचं. बसमधूनच खरा देश दिसतो."

कित्येक महिन्यांनी त्याचा चेहरा उजळलेला दिसला, म्हणून मी हो म्हणाले. दुसरं कारण असं, की आम्ही कधी कुठे गेलोच नव्हतो. नागपूरला दीक्षाभूमी, मुंबईला चैत्यभूमी, लग्नकार्याला मनमाड-मालेगाव, एवढीच आमची धाव. तिसरं कारण मी कुणाला सांगितलं नाही. आमच्या कॉलनीतल्या विहारात मी दर रविवारी वंदनेला बसते. लाओस, थायलंड हे बुद्धाचे देश. तिथल्या विहारात बसून तीच वंदना म्हणावी, असं फार मनात होतं. त्यासाठी एक पांढरी सुती साडी मी बॅगेच्या तळाशी घालून ठेवली.

"वहिनी, कुठल्या टूरबरोबर चाललात?" नणंदेने विचारलं.

"कुणाबरोबर नाही. आम्ही दोघंच."

"अगंबाई! मग जेवणाचं काय?"

जेवणाचं काय, हा प्रश्न मलाही होता. मी चिवडा, शेंगदाण्याची चटणी आणि थोडा खाकरा भरला होता. नवऱ्याने बॅग ताणकाट्याला लटकवली, आकडा बघितला आणि पिशवी बाहेर काढली. "प्रत्येकी सात किलो. हे रिजेक्ट." त्याने प्रवासाचा तक्ता केला होता. कुठली बस, किती वाजता, कुठल्या स्टँडवरून, मुक्काम कुठे. आधी विमानाने हनोई, तिथून बसने दक्षिणेला विन्ह, मग डोंगर ओलांडून लाओस, आणि शेवटी थायलंड. तक्त्याला त्याने लॅमिनेशनही करून आणलं.

हनोईत आम्ही सहा खाटांच्या खोलीत राहिलो. दुमजली लोखंडी खाटा. त्यातल्या दोन वरच्या आमच्या वाट्याला आल्या. खालच्या खाटांवर विशी-बाविशीची मुलं. मी गुडघेदुखीची बाई, शिडीने वर चढताना ती मुलं नजर दुसरीकडे वळवायची, त्यांचं कौतुकच. नवरा म्हणाला, "बघ, किती समजूतदार आहेत." मी म्हणाले, "खालची खाट मागा त्यांच्याकडे." तो म्हणाला, "असं मागायचं नसतं. हॉस्टेलचे नियम असतात." चार दिवस मी शिडी चढले-उतरले.

मग बस. तिकडच्या लांब पल्ल्याच्या बसमध्ये चढताना बूट काढून प्लास्टिकच्या पिशवीत घ्यायचे आणि अनवाणी आत जायचं. आत बसायच्या जागा नाहीतच. खुर्ची आणि पलंग यांच्या मधलं काहीतरी, वर-खाली दोन मजले, अशा तीन रांगा. पाय एका बंद खोक्यात सरकवायचे. पाच फूट दहा इंचांच्या नवऱ्याचे गुडघे हनुवटीशी आले, तरी तो मोबाईलवर शूटिंग करत होता. मला बस लागते. नाशिकहून त्र्यंबकला जाताना लागते. मी पिशवी हातात धरून डोळे मिटून घेतले.

विन्हला पोचायला सहा-सात तास लागतात, असं तक्त्यात होतं. बसमध्ये संडास नव्हता. मी सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता, तरी चौथ्या तासाला वेळ आलीच.

"अहो, ड्रायव्हरला सांगा ना."

"थांबेल आता. अकरा चाळीसचा थांबा आहे."

"साडेबारा वाजलेत."

"मग आलाच असेल."

पाऊण तास मी खिडकीबाहेरच्या केळी मोजल्या. शेवटी उठले, अनवाणी डोलत पुढे गेले आणि ड्रायव्हरला करंगळी दाखवली. त्याला कळेना. म्हणून मी चौथीच्या वर्गात करते तसा पूर्ण अभिनय केला. सगळी बस हसली. पण पेट्रोल पंपावर गाडी थांबली, आणि मी उतरले तर माझ्या मागोमाग पाच बायका पळत आल्या. त्यांतल्या एका म्हातारीने माझा दंड दाबून काहीतरी म्हटलं. बहुतेक 'बरं झालं' असंच म्हणाली असावी.

परत जागेवर आले तर नवरा म्हणाला, "एवढं काय होतं? थांबलीच असती."

विन्हला दोन दिवस पाऊस लागला. तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला लाओसच्या राजधानीची, व्हिएंतिआनची बस होती. सामान बांधताना मी म्हणाले, "फोटो आणि कागद हातातल्या पिशवीत घ्या. सीमेवर लागतील."

"सगळं मोठ्या बॅगेत आहे. निळं फोल्डर, तिसरा कप्पा. तू त्यात पडू नकोस."

मी पडले नाही. तेवढ्यावरून सकाळी सकाळी वाद कशाला, असं वाटलं.

ही बस आधीच्या बसपेक्षा जुनी. मधल्या वाटेत लसणाची पोती आणि फरशांचे खोके रचलेले, त्यावरून चालत आपल्या जागेवर जायचं. आमच्या मोठ्या बॅगा बसच्या पोटात टाकल्या, त्यांच्यावर आणखी पोती पडली. घाट सुरू झाला तसा लसणाच्या वासाने माझा जीव कासावीस झाला. मी दोनदा पिशवीत ओकले. नवऱ्याने पाठीवरून हात फिरवला, हे खरं सांगायला हवं. पण तो हात फिरवत असतानाही म्हणाला, "बाहेर बघ गं, काय सुंदर दरी आहे!"

दहाच्या सुमाराला आम्ही सीमेवर पोचलो. सगळीकडे धुकं, अंगाला झोंबणारी थंडी. व्हिएतनामच्या बाजूने बाहेर पडल्याचा शिक्का घ्यायचा, मग पायी चालत पुढच्या चौकीवर जाऊन लाओसचा व्हिसा काढायचा. रिकामी बस हळूहळू पुढे येते आणि पलीकडे थांबते. बाकीचे प्रवासी व्हिएतनामी आणि लाओ, त्यांना व्हिसाची गरज नव्हती. ते भराभर पुढे गेले. आम्ही दोघंच खिडकीपाशी राहिलो. आतल्या माणसाने दोन अर्ज दिले. आम्ही भरले. त्याने अर्जावरच्या कोऱ्या चौकोनावर बोट ठेवलं.

"फोटो," नवरा म्हणाला.

"कुठे आहेत?" मी विचारलं. मला माहीत होतं.

तो धावत बाहेर गेला. बस तपासणीच्या आवारात होती, तिथे त्याला कुणी जाऊ देईना. परत आला तेव्हा त्याला धाप लागली होती. खिडकीतल्या माणसाने शांतपणे रस्त्यापलीकडे बोट दाखवलं. तिथे पत्र्याचं एक दुकान होतं. चहा, सिगारेट, सिमकार्ड, झेरॉक्स सगळं एकातच. दुकानात माझ्याच वयाची एक बाई होती. तिने पांढऱ्या चादरीपुढे आम्हाला उभं करून मोबाईलवर फोटो काढले. पण प्रिंटर तापेना, मग वीज गेली, मग आली. शेवटी फोटो निघाले त्यात आम्ही दोघंही पोलिसांनी पकडल्यासारखे दिसत होतो. ते चिकटवून, शिक्के घेऊन आम्ही पलीकडे आलो.

रस्ता मोकळा होता. बस गेली होती.

आधी मला वाटलं, वळणापुढे उभी असेल. आम्ही वळणापर्यंत चालत गेलो. पुढे दुसरं वळण, आणि त्यापुढे नुसती झाडी.

"ड्रायव्हरने थांबायला पाहिजे होतं," नवरा म्हणाला. "आपलं तिकीट थेट व्हिएंतिआनपर्यंतचं आहे. हे चुकीचं आहे."

"थांबला होता की. तासभर थांबला असेल. तुझ्या निळ्या फोल्डरसाठी जन्मभर थांबणार होता का?"

सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा तोंडातून 'तू' निघून गेलं. आम्हा दोघांनाही ते ऐकू आलं. पण आता थांबणं माझ्या हातात नव्हतं.

"सकाळी म्हणाले नव्हते मी? सकाळी! आणि बसमध्ये म्हणाले नव्हते, ड्रायव्हरला सांग म्हणून? हनोईत म्हणाले नव्हते, खालची खाट माग म्हणून? मी बोलते ते तुला ऐकूच येत नाही. घर घेताना नाही, मुलीचं कॉलेज ठरवताना नाही. तुझं मोजमाप झालं की झालं. मी काय तुझ्या टेबलावर आलेला पार्ट आहे?"

धुक्यात माझा आवाज फार मोठा झाला असावा. चौकीवरचा एक शिपाई बाहेर येऊन बघून गेला. नवरा रस्त्याकडेच्या मोरीच्या कठड्यावर बसला. मला वाटलं, रुसला. त्याची ती जुनी पद्धत आहे. मी पाठ फिरवून उभी राहिले आणि दहा मिनिटं तशीच राहिले. मग वळून पाहिलं, तर एवढ्या थंडीत त्याच्या कपाळावर घाम होता, आणि तो दोन्ही हातांनी डोकं धरून बसला होता.

"काय होतंय?"

"काही नाही. डोकं जड झालंय जरा."

"सकाळची गोळी घेतली?"

तो बुटांकडे बघायला लागला.

"काल?"

"मोठ्या बॅगेत राहिल्या गं. तळाशी."

"परवा?"

"प्रत्येक वेळी बॅग उघडायची म्हणजे सगळं पॅकिंग परत करायचं. म्हटलं, व्हिएंतिआनला गेल्यावर सलग चालू करू."

त्याला आठ वर्षांपासून रक्तदाबाची गोळी चालू आहे. दर महिन्याला ती मीच आणते. आणि या माणसाने बॅगेची घडी मोडू नये म्हणून तीन दिवस ती घेतली नव्हती. मला त्या क्षणी भीती वाटली की राग आला, हे वेगवेगळं सांगताच येणार नाही. त्याला घट्ट धरावं असं वाटत होतं आणि दोन थपडा माराव्यात असंही वाटत होतं.

मी पळत त्या फोटोवाल्या बाईकडे गेले. तिला इंग्रजी येत नव्हतं, मला लाओ येत नव्हतं. मी डोकं धरून, हात छातीवर ठेवून दाखवलं. तिने आपला मोबाईल पुढे केला, त्यात काहीतरी बोलली, आणि मोबाईल चक्क मराठीत बोलायला लागला. आकाशवाणीवरच्या जुन्या बातमीदारासारख्या सुरात तो म्हणाला, "तुझ्या पुरुषाला काय झाले आहे?"

त्या परमुलुखात, धुक्यात, मराठी ऐकून मी तिचा हातच धरला. मी मोबाईलमध्ये सगळं सांगितलं. रक्तदाब, गोळ्या, बस, बॅगा. तिने ऐकलं, एकदा बाहेर जाऊन नवऱ्याकडे पाहून आली, दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि पुन्हा मोबाईलमध्ये बोलली. "मी बाजारात जाते. गाडी आहे. बसा."

गाडी म्हणजे मागे उघडा हौदा असलेली पिकअप. नवऱ्याला तिने पुढे बसवलं. मी मागे, गॅसच्या रिकाम्या सिलिंडरांच्या मधे. नोकरीची पहिली दोन वर्षं मी सुरगाणा तालुक्यातल्या एका पाड्यावर होते. आठवड्यातून एकदा जीपच्या मागच्या फळीवर अशीच लटकून यायचे. तेव्हा बावीस वर्षांची होते आणि गाणी म्हणत यायचे. आता एका हाताने सिलिंडर, दुसऱ्या हाताने कठडा धरून मी मागच्या काचेतून नवऱ्याचं डोकं तेवढं बघत होते. ते सरळ आहे ना, एका बाजूला कलत नाही ना. दोन्ही बाजूंना भातखाचरं होती, बहुतेक कापलेली. नक्की आठवत नाही. तासभर मी एका डोक्याशिवाय काही पाहिलं नाही.

गावाचं नाव लाक साओ. त्याचा अर्थ विसाव्या मैलाचा दगड, हे नंतर कळलं. एका रुंद धुळकट रस्त्यावर बाजार, दोन-चार लॉज आणि एक औषधाचं दुकान. औषधवाल्याने यंत्राचा पट्टा गुंडाळला. वरचा आकडा एकशे ऐंशीच्या पलीकडे गेला. गोळीतलं औषध मला तोंडपाठ होतं, मी ते कागदावर लिहिलं, त्याने मान डोलवून पाकीट काढलं. गोळी दिली आणि झोपवून ठेवा, अशी खूण केली. फोटोवाल्या बाईने आमच्या तिकिटावरचा नंबर फिरवला, बराच वेळ मोठ्याने बोलली आणि मोबाईलने मला सांगितलं, "तुमची ओझी राजधानीच्या स्थानकात उतरतील. काळजी न करणे."

लॉजच्या खोलीत नवरा दोन तास झोपला. मी खुर्चीवर बसून त्याचा श्वास मोजत होते. दुपारी उठला, पाणी प्याला आणि म्हणाला, "किती निघालं होतं बीपी?"

मी आकडा सांगितला.

"त्यांचं मशीन कॅलिब्रेट केलेलं नसणार."

मी उठून बाहेर गेले आणि बाजाराला दोन फेऱ्या मारल्या. नाहीतर काय बोलले असते, सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोटोवाली बाई परत आली. तिने चांदीच्या वाडग्यात भात आणि फुलं आणली होती. त्या दिवशी अष्टमी होती, आणि तिकडे अष्टमीला बायका विहारात जातात. मी गळ्यातली छोटी बुद्धमूर्ती तिला आदल्या दिवशी दाखवली होती, ती तिच्या लक्षात राहिली. पण माझी पांढरी साडी राजधानीच्या स्थानकात, आणि माझ्या अंगावर तीच ओकारीचे डाग पडलेली पँट. तिने पिशवीतून लुंगीसारखं विणलेलं एक वस्त्र काढलं आणि स्वतःच्या हाताने माझ्या कमरेला नेसवलं.

विहारात पंधरा-वीस बायका पाय एका बाजूला दुमडून बसल्या होत्या. वंदना सुरू झाली. पहिल्यांदा मला काहीच कळेना. 'फुत्थंग सरणंग खच्छामि', असं काहीतरी. दुसऱ्या ओळीला एकदम उलगडलं. ही आपलीच वंदना आहे, उच्चार तेवढे निराळे. मी माझ्या उच्चारात म्हणायला लागले. शेजारची बाई चमकून बघायला लागली, मग हसली, आणि थोडी माझ्याकडे सरकली. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते श्रद्धेचं होतं की आठ दिवसांच्या वैतागाचं, मला अजून सांगता येत नाही. गुडघे दुखत होते तरी उठावंसं वाटत नव्हतं.

नवरा दाराशी उभा राहून शूटिंग करत होता. मी खुणेने दोनदा म्हटलं, ये, आत बस. त्याने खुणेने सांगितलं, एक मिनिट. बाहेर पडलो तोवर मुलीचा पुण्याहून फोन आला. "आई, तू का रडतेयस? पप्पांनी ग्रुपवर व्हिडिओ टाकलाय. आत्याने खाली फुलं टाकलीत."

"तू माझा रडताना व्हिडिओ टाकलास?"

"छान आलाय," तो म्हणाला. "अगदी आतून आलेलं वाटतं."

  फोटोवाल्या बाईने ते विणलेलं वस्त्र परत घेतलं नाही. मोबाईलने सांगितलं, "हे तुझे झाले." तिला द्यायला माझ्याजवळ काही नव्हतं. केसांतली चंदेरी क्लिप काढून दिली. तिने तिथल्या तिथे लावली.

त्याच दिवशी आम्ही दुसऱ्या बसने व्हिएंतिआनला गेलो. बॅगा खरंच स्थानकातल्या तिकीट खिडकीमागे ठेवलेल्या होत्या. नवऱ्याची बॅग कोरडी ठणठणीत. माझ्या बॅगेवर कुणाचा तरी खारवलेल्या माशांच्या रसाचा डबा फुटला होता. तो रस वरून झिरपत तळापर्यंत गेला होता. सगळे कपडे, टॉवेल, आणि ती पांढरी साडी. साडीवर नकाशासारखे तपकिरी डाग. मी ती तीनदा साबणाने धुतली. वास गेला नाही. आजही बॅगेची चेन उघडली की येतो.

"नशीब, माझं फोल्डर वाचलं," नवरा म्हणाला.

व्हिएंतिआनमध्ये तीन दिवस आम्ही कामापुरतं बोललो. गोळी घेतली का, किल्ली कुठे आहे, एवढंच. मग नदीवरचा पूल ओलांडून थायलंडमधल्या नोंगखायला आलो. तिथून बँकॉकला जायचं होतं. तक्त्यात बस लिहिलेली होती. मी लॉजच्या मालकिणीला विचारलं, तर तिथून सकाळी रेल्वे सुटते म्हणाली.

माझे वडील मनमाडला रेल्वेत होते. क्वार्टरच्या मागच्या दाराशी मालगाड्या उभ्या असायच्या. मी पुढच्या इयत्तेची पुस्तकं फलाटावरच्या बाकावर बसून वाचली आहेत. रेल्वेत मला काही लागत नाही, कधीच लागलं नाही.

"उद्या मी रेल्वेने जाणार," मी सांगितलं.

"बसचं बुकिंग झालंय. दोघांचं."

"तू जा बसने."

त्याला गंमत वाटली. मी सकाळी बॅग पाठीला लावली तेव्हा कळलं, गंमत नाही. "एकटी जाणार तू? परक्या देशात?"

"तिकडे दुकटी होते तेव्हा तरी काय सुख लागलं?"

हे जरा जास्तच झालं, हे मला बोलतानाच कळलं. पण मागे घेतलं नाही. त्याच्या शर्टाच्या खिशात गोळ्यांचं पाकीट घातलं, बँकॉकच्या लॉजचा पत्ता त्याच्याकडून कागदावर लिहून घेतला आणि निघाले. तो दारात तक्ता हातात घेऊन उभा होता.

आयुष्यात पहिल्यांदा मी एकटीने एवढा लांबचा प्रवास केला. डब्यात पंखे होते, खिडक्या उघड्या होत्या, आणि डब्याच्या टोकाला संडास होता. मी मनसोक्त पाणी प्याले. दर स्टेशनावर बायका चिकट भात आणि भाजलेली कोंबडी विकायला चढायच्या. एकीकडून मी पेरूच्या फोडी घेतल्या, वरून तिखट-मीठ. समोरची आजी मला आपल्या नातवंडांचे फोटो दाखवत होती, मी तिला मुलीचे दाखवले. दुपारपर्यंत मला नवऱ्याची आठवण आली नाही. दुपारनंतर आली, ती अशी, की हे भाताचं मैदान त्याने पाहिलं असतं तर किती बडबड केली असती. मग काळजी वाटायला लागली. फोन लावला, लागला नाही.

लॉजवर मी आधी पोचले. तो सव्वा तासाने आला. मी ठरवून बसले होते की आता याला उभा-आडवा घ्यायचा नाही, आणि त्यानेही काही कबूल करावं अशी अपेक्षा धरायची नाही. पण तो आत आला तो हसतच. "अगं, काय बस होती! खुर्ची पूर्ण मागे जायची. शेजारी एक मास्तर होता, त्याला थोडं इंग्रजी येत होतं. वाटेत त्याने मला जेवायला घातलं." तो बोलतच राहिला, आणि मी ऐकत राहिले. माझ्याशिवाय तोही मजेत आला होता. हे माझ्या हिशेबात नव्हतं. ते ऐकून मला वाईट वाटावं याचाच मला राग आला.

माझा प्रवास कसा झाला, ते त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी विचारलं. मी पेरूपासून सुरुवात केली. त्याने मधे न बोलता ऐकलं. अगदी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, "तुझं खालच्या खाटेचं मी ऐकायला पाहिजे होतं." एवढंच. बाकी निळं फोल्डर, बस, गोळ्या, व्हिडिओ यांतल्या कशाबद्दलही तो काही बोलला नाही. मीही उकरलं नाही. त्या सकाळी पुन्हा तोंडात 'तुम्ही' आलं, आपोआप.

नाशिकला परतल्यावर घरी माणसं येत राहिली. नवरा सगळ्यांना सहल सांगतो. त्याच्या सांगण्यात सीमेवर बस चुकली ती ड्रायव्हरच्या बेशिस्तीमुळे, पिकअपचा प्रवास हा साहसाचा भाग, आणि औषधाचं दुकान त्यात येतच नाही. मी चहा देता देता ऐकते आणि कपबशा जरा जोरात ठेवते. शाळेतल्या बाईंनी विचारलं, "काय मॅडम, मजा केली ना?" मी हो म्हणाले, कारण तास सुरू व्हायला दोनच मिनिटं होती. विहारात मात्र मी ते विणलेलं वस्त्र नेसून गेले होते. बायकांनी हात लावून पाहिलं, कुठून आणलं म्हणून विचारलं. त्यांना मी सगळं सांगितलं. गोळ्यांसकट.

आता त्याच्या टेबलावर नवं फोल्डर आलं आहे. या वेळी हिरवं. कुठले देश आहेत ते मी अजून विचारलेलं नाही. उन्हाळी सुट्टीच्या तारखा त्याने मला तीनदा विचारल्या. शाळेचं सुट्टीचं परिपत्रक येऊन आठ दिवस झाले. ते माझ्या पर्समध्ये आहे, आणि मी अजून त्याला दाखवलेलं नाही.